गटाचे मार्क कोण देणार?

मैत्रिणींनो, बचत गटाला सहा महिने झाले, की कर्ज देण्याआधी बँक त्याची प्रतवारी करते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री तपासते. आमच्या गटाला छान गुण मिळाले. पण त्याच महिन्यात आमच्यातलीच एकजण मुलाच्या फीसाठी सावकाराकडे गेली. का? तर बैठकीत मागायची तिला भीड वाटली! बोलतात त्या दोघी-तिघीच, बाकीच्या सही करून घरी पळतात. हे कुठल्या रजिस्टरात दिसणार? म्हणून वर्षातून एकदा आपणच विचारू या : कर्ज कुणाकुणाला मिळालं, अध्यक्ष किती वर्षं तीच, कोण बोललंच नाही? वह्या चोख असतील हो. पण गट कसा चाललाय, हे गप्प बसणारीलाच विचारा.