वीस एक्सचा झोल

खोक्यावर चक्क शिकाऱ्याचा फोटो होता. डोक्यावर हॅट, अंगात पाना-फांद्यांच्या डिझाइनचं जॅकेट, डोळ्याला दुर्बीण आणि मागे कुठलं तरी परदेशी जंगल. खाली मोठ्ठ्या अक्षरांत ‘हंटिंग’, आणि त्याहून मोठ्ठ्या अक्षरांत ‘२०×५०’. बिलिंग काउंटरवर उभी राहून मी मनातल्या मनात हिशोब केला. वीस म्हणजे आठपेक्षा भारी, दहापेक्षाही भारी. झालं, शॉपिंग संपली! पप्पांच्या रिटायरमेंटचं गिफ्ट. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग करी रोडच्या चाळीत शिकारीची दुर्बीण घेऊन पप्पा नेमकं काय मारणार, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही.

कारण साधं होतं. रिटायर झाल्यापासून पप्पा तिसऱ्या मजल्यावरच्या कॉमन गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. समोर एका बंद गिरणीची उरलेली चिमणी आहे, मागे टॉवर उगवताहेत, आणि त्या चिमणीवर घारी येतात. आई म्हणायची, ‘टीव्ही लावा, नाहीतर खाली उतरून चार माणसांत बसा.’ ते उतरायचे नाहीत. घारी बघायचे. आता पेपरातल्या, ऑफिसातल्या, मीटिंगातल्या मुलीला बापासाठी काय करता येतं? गॅजेट घेता येतं. मी गॅजेट घेतलं.

पप्पांनी दुर्बीण डोळ्याला लावली, दोन मिनिटं फिरवली, ‘छान आहे’ म्हणाले आणि कपाटात ठेवली. ज्यांच्या घरी मराठी बाप आहे, त्यांना ‘छान आहे’चा अर्थ सांगायला नको.

महिन्याभराने एका रविवारी मीच ती बाहेर काढली आणि मला कळलं की काही दिसतच नाही. म्हणजे दिसतं, पण चिमणी सापडेपर्यंत घार उडून जाते, आणि सापडली तरी चित्र असं नाचतं की जणू लोकलच्या दारात उभं राहून बघतोय. तेव्हा कुठे मी अभ्यासाला बसले. जो दुकानात जाण्याआधी करायचा असतो.

तर मंडळी, दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिला आकडा विकतो. आपण दुसरा बघायचा, आणि खरं तर दोघांचा भागाकार. ५० भागिले २० म्हणजे अडीच. तेवढ्या अडीच मिलिमीटरच्या भोकातून उजेड डोळ्यात येणार. ४२ भागिले ८ केलं तर सव्वापाच. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी फार फरक जाणवत नाही. पण सकाळी सहाला किंवा संध्याकाळी दिवेलागणीला अडीचवाली दुर्बीण आंधळी होते. जर्मनीकडचे शिकारी ८×५६ वापरतात ते याचसाठी. हरीण संधिप्रकाशात बाहेर पडतं, आणि ५६ भागिले ८ म्हणजे सात. आपल्याला तेवढी गरज नाही. वय वाढतं तशी बाहुली अंधारातही कमी उघडते, त्यामुळे पप्पांच्या वयाला त्या सातातला बराचसा उजेड वायाच जाणार. शिवाय ते धूड गळ्यात अडकवून फिरणार कोण?

दुसरी गोष्ट, पट वाढली की दिसणारा तुकडा लहान होतो. साधारण ८×४२ मधून हजार मीटरवरचा शंभर-सव्वाशे मीटर रुंद पट्टा दिसतो. माझ्या वीस एक्समधून पन्नास-साठ. उडती घार त्यात पकडायची म्हणजे सुईत दोरा ओवणं. आणि तिसरी, जी मला सगळ्यात लागली: वस्तू वीसपट जवळ येते तसं हाताचं थरथरणंही वीसपट होतं.

तुमचा-माझा हात थोडा हलतोच. पण मी पप्पांना म्हटलं, ‘पप्पा, परत एकदा धरा बघू.’ त्यांनी धरली आणि मी दुर्बिणीकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघितलं. चहाचा कप ते हल्ली दोन्ही हातांनी का धरतात, हे मला त्या क्षणी कळलं. एका घरात राहून. ‘कधीपासून?’ विचारलं तर म्हणाले, ‘अगं, वय झालं.’ पुढचे दोन आठवडे दुर्बीण बाजूला राहिली आणि आम्ही डॉक्टरकडे खेपा घातल्या. घाबरण्यासारखं काही निघालं नाही, गोळी चालू आहे, थरथर पूर्ण गेलेली नाही. ही गोष्ट ते मला आपणहून कधी सांगणार होते, देव जाणे.

दुसऱ्या वेळी मी शहाणपण केलं. त्यांनाच घेऊन गेले. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे अर्धा दिवस घालवला. पप्पांना चष्मा आहे, आणि बहुतेक स्वस्त दुर्बिणी चष्मेवाल्यांचा विचारच करत नाहीत. आयपीसपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्याला आय रिलीफ म्हणतात. चष्मा असेल तर पंधरा मिलिमीटरच्या खाली घेऊ नका आणि डोळ्याजवळचे रबरी कप खाली करून बघा. पहिल्या दुर्बिणीत पप्पांना मधोमध फक्त एक नाण्याएवढं वर्तुळ दिसत होतं म्हणे. ‘मग बोलला का नाहीत?’ ‘तू एवढ्या हौसेने आणलीस.’

दुकानात करायच्या दोन ट्रिक्स सांगते, फुकटच्या आहेत. दुर्बीण हातभर लांब धरा, उजेडाकडे करा आणि आयपीसमधला उजळ ठिपका बघा. तो गोल गरगरीत असेल तर आतला प्रिझम चांगल्या काचेचा, बॅक-फोरचा. कडा कापल्यासारख्या, चौकोनी वाटल्या तर स्वस्तातला. दुसरी, दुकानाबाहेर येऊन समोरच्या इमारतीवरची पाटी पाच मिनिटं सलग वाचा. डोकं जड झालं, पाटी दोन दिसू लागली तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ठेवा परत. लालभडक काचेच्या, झूमच्या, ‘नाइट व्हिजन’ लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणींना लांबूनच नमस्कार.

बजेटचं म्हणाल तर काही ऑस्ट्रियन कंपन्यांच्या लाखाच्या पुढच्या दुर्बिणी बघून मी त्या अदबीने परत ठेवल्या. सरळ नळीच्या, रूफ प्रिझमवाल्या दिसायला स्मार्ट असतात. पण खिसा मर्यादित असेल तर जुन्या स्टाइलच्या, वाकड्या खांद्यांच्या पोरो प्रिझममध्ये त्याच पैशात जास्त स्वच्छ चित्र मिळतं. आम्ही ८×४० घेतली, पोरो. पप्पा म्हणाले, ‘ही पिक्चरमधल्या कॅप्टनसारखी आहे.’ आणि रंग काळा. झाडीचं डिझाइन करी रोडला काय कामाचं?

शिकारीवरून आठवलं. सालिम अली आपल्याच पट्ट्यातले, १८९६ साली गिरगावाजवळच्या खेतवाडीत जन्मलेले. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी मारली, तिच्या कंठाशी पिवळा डाग दिसला. हा कुठला पक्षी म्हणून पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेला, आणि पुढचं आयुष्य पक्ष्यांत गेलं. १९८५च्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. आमची चिमणी गिरणीची, पण असो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही टॅक्सी करून शिवडीला गेलो. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून, कारण पूर्ण ओहोटीला फ्लेमिंगो चिखलात पार लांब पांगतात आणि पाणी चढू लागलं की किनाऱ्याकडे सरकतात. डोक्यावर अटल सेतू, २०२४च्या जानेवारीत सुरू झालेला, त्यावरून गाड्या सुसाट, आणि खाली गुलाबी रांग. पप्पांनी कोपरं कठड्यावर टेकवली (थरथरत्या हाताला हा सगळ्यात स्वस्त उपाय) आणि वीस मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘यात दोन जाती आहेत गं. काही बुटके, जास्त गुलाबी, चोच काळपट. काही उंच, पांढरट, चोचीचं फक्त टोक काळं.’ बरोबर होतं. छोटा रोहित आणि मोठा रोहित. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आता ती दुर्बीण पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते, नाहीतर मुंबईची दमट हवा भिंगावर बुरशी चढवते. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या पप्पा जमवतात, शेजाऱ्यांकडूनही मागून आणतात, त्या निमित्ताने खाली उतरतात. उजव्या डोळ्याच्या नंबराची रिंग सारखी हलायची, म्हणून मी त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. तो त्यांचा. माझा नंबर त्याच्या दोन रेघा डावीकडे, आणि मी बघून झालं की ती परत ठिपक्यावर आणून ठेवायची असते, नाहीतर ओरडा बसतो.