चारा मातीविना, पण दाणा कोणाच्या मातीतला?

भांडुपच्या टेकडीवरील वस्तीत राहणारा एक तरुण मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्याकडे आला. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. येथे तो गोदामात हमाली करतो, आई गावी असते. आईकडे दहा शेळ्या आणि एक बोकड आहे. घराला लागून गायरानाचा दीड एकराचा तुकडा आहे. आजोबांनी तो वहितीला आणला, वडिलांनी त्यात बाजरी आणि मटकी पिकवली. त्या तुकड्यावरचे अतिक्रमण काढण्याची नोटीस आता हातात पडली आहे.

जयभीम करून तो बसला आणि मोबाईलवरची एक चित्रफीत त्याने आम्हाला दाखवली. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मक्याचा हिरवागार चारा, ना माती ना शेत. म्हणाला, "वकीलसाहेब, गावातला एक पुढारी आईला सांगून गेला, आता चाऱ्याला जमीन लागत नाही. गायरानावरचा हक्क सोडा, तुम्हाला ट्रे आणि शेडनेट मिळवून देतो. आई विचारते, सही करू का?"

हा प्रश्न एका आईचा नाही. राज्यातल्या गावोगावी गायरानावर पोट भरणाऱ्या हजारो भूमिहीन कुटुंबांचा आहे. म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे जाहीरपणे देत आहोत.

प्रथम हे स्पष्ट करतो की, या तंत्राशी आमचे भांडण नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाने यंत्राला आणि विज्ञानाला घाबरण्याचे कारण नाही. मातीविना चारा ही थाप नव्हे. मक्याचा नवा, अखंड दाणा स्वच्छ धुऊन काही तास भिजत घालायचा, ओल्या गोणपाटात बांधून मोड आणायचे आणि ट्रेमध्ये पसरायचे. सावलीत ठेवून दर एक-दोन तासांनी पाणी शिंपडायचे. सात-आठ दिवसांत मुळांची गादी आणि तिच्यावर वीतभर हिरवे कोंब तयार होतात. जनावर मुळासकट सगळे खाते. गोव्यात जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलाने यावर काम केले आणि २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या दूध संस्थांकडे सरकारी योजनेतून असे संच बसले. साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी महागड्या संचाऐवजी लाकूड-बांबूचा सांगाडा आणि शेडनेट वापरून तेच काम थोडक्या पैशात करून दाखवले. एक किलो मक्यापासून पाच-सहा किलो हिरवा चारा मिळतो, हे खरे आहे. हा चारा पचायला हलका असतो आणि दूध थोडे वाढते, हेही खरे आहे.

पण अर्धे सत्य सांगून सही घेणे याला आमच्या धंद्यात फसवणूक म्हणतात. उरलेले अर्धे सत्य आता ऐका.

एका किलोचे पाच-सहा किलो होतात ते पाण्याने. या चाऱ्यात शंभर किलोमागे साधारण अकरा ते चौदा किलोच सुका अंश असतो, बाकीचे पाणी. एक किलो मक्यात सुका अंश जवळपास नऊशे ग्रॅम असतो. त्यापासून झालेल्या साडेपाच किलो चाऱ्यात तो सातशे ग्रॅमच्या आसपास उरतो. कोंब वाढताना दाण्यातलाच साठा खर्च करतात. म्हणजे वजन वाढते, पण पोटात जाणारा ऐवज उलट कमी होतो. हिरवेपणा मिळतो, जीवनसत्त्वे मिळतात, पण नुसत्या यावर जनावर जगत नाही. गोव्याच्या शास्त्रज्ञांनीही दुभत्या गाईला रोज पाच-दहा किलोच द्यावा असे सांगितले, तेही कडबा आणि खुराकाच्या जोडीला.

आता त्या आईच्या शेळ्यांचा हिशेब करू. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो सुका अंश लागतो. अकरा जनावरांना अकरा किलो. प्रत्येकीला रोज एक किलो ट्रेमधला चारा द्यायचा तर अकरा किलो चारा हवा. त्यासाठी रोज दोन किलो मका भिजवावा लागेल. त्यातून सुका अंश मिळेल दीड किलोहूनही कमी, म्हणजे गरजेचा जेमतेम आठवा हिस्सा. बाकीचे सात हिस्से कुठून येणार? बाभळीच्या शेंगांतून, बोरीच्या पाल्यातून, बांधावरच्या शेवरीतून आणि सुबाभळीतून, तुरीच्या भुसकटातून. शेळी ही पाला ओरबाडून जगणारी आहे. आणि तो पाला भूमिहीनाला मिळतो तो गायरानातच. गायरान सोडले की सात हिस्से गेले, हाती राहिला एक.

त्या एका हिश्श्याचीही किंमत पाहा. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता. त्या भावाने दोन किलोचे ४८ रुपये होतात. दुकानातून सुटा मका घेतला तर त्याहून जास्त. महिन्याला सुमारे साडेचौदाशे रुपये. या चाऱ्याच्या एकूण खर्चात सुमारे नव्वद टक्के वाटा एकट्या बियाण्याचा असतो, असे गोव्याच्या अभ्यासात दिसून आले. ट्रे आणि शेडनेट अनुदानात मिळेलही. पण रोजचा मका कोण देणार? ज्याच्या शेतात मका पिकतो त्याला तो घरचा पडतो. ज्याला शेत नाही त्याला तो विकत घ्यावा लागतो. म्हणजे मातीविना चारा म्हणतात तो खरे तर दुसऱ्याच्या मातीतल्या दाण्याचा चारा आहे.

या तंत्राच्या प्रचारात पन्नास चौरस मीटरमध्ये रोज सहाशे किलो चारा काढा, एक हेक्टर जमीन वाचवा, असे सांगितले जाते. आम्ही गणित मांडून पाहिले. रोज सहाशे किलो चाऱ्याला सुमारे ११० किलो मका लागतो. वर्षाला सुमारे ४०० क्विंटल. हेक्टरी तीस क्विंटल पीक धरले तरी तेरा हेक्टरांवर मका उभा करावा लागेल. मग वाचली ती कोणाची जमीन? जमीन कुठेच नाहीशी झाली नाही, ती फक्त नजरेआड झाली.

पाण्याचेही तसेच. एक किलो चाऱ्याला दीड ते तीन लिटर पाणी लागते. पाणी फिरवून वापरले तर दीड, नाहीतर तीन. शेतातल्या चाऱ्याच्या मानाने हे नक्कीच कमी आहे आणि दुष्काळी भागात त्याचे मोल आहे. पण अकरा किलोला तेहतीस लिटर म्हणजे दोन हंडे भरून वर. भांडुपच्या माणसाला दोन हंड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुंबईला पाजले जाणारे पाणी शुद्ध करणारा एवढा मोठा प्रकल्प आमच्याच भांडुपमध्ये आहे आणि त्याच्या नजरेसमोरच्या टेकडीवर आमच्या बाया हंडे चढवत आल्या. माणमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आईला पिण्याचे पाणी की ट्रेचे पाणी, हा प्रश्न रोज पडेल.

आता कायद्याची बाजू. गायरान गुरांसाठी आहे, म्हणून दलितांची अतिक्रमणे काढा, हा युक्तिवाद जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. हा निकाल आमच्या लोकांपुढे नेहमी नाचवला जातो. परंतु भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेनुसार जमीन दिलेली असेल, तर अपवाद म्हणून ती नियमित करता येईल, असे त्याच निकालात म्हटले आहे. ते वाक्य मात्र वाचून दाखवले जात नाही. महाराष्ट्र शासनाने तर त्याआधीच १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांनी भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले होते. १९९१ च्या निर्णयातील कालमर्यादा १४ एप्रिल १९९० ही आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा तो पहिला दिवस. हे निर्णय कोणी दान दिलेले नाहीत. १९५९ आणि १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, त्याचे हे फळ आहे. २०२२ साली विषय पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात आला आणि राज्यभर नोटिसांचा पाऊस पडला. त्या पावसातलीच एक नोटीस या आईच्या हाती आहे असे समजा.

आणि जरा उलटूनही विचार करा. चाऱ्याला आता जमीन लागत नाही, हे त्या पुढाऱ्याचे म्हणणे क्षणभर खरे मानू. मग ते आधी त्यांनाच लागू पडते. पंधरा-वीस गुरांचा गोठा असलेल्या, घरचा मका आणि विहिरीचे पाणी असलेल्या बागायतदाराने खुशाल ट्रे लावावेत. त्याला ते परवडतेही. मग गुरे चारायला गायरान हवे, म्हणून दलिताला उठवा, हा त्याचा दावा कुठे उरला? जमिनीविना चारा भूमिहीनाने पिकवायचा आणि जमीन असलेल्याला वर गायरानही हवे, हे कोणत्या तर्कात बसते?

सरकारने मनात आणले तर चाऱ्याला जमीनही मिळते आणि पैसाही, याला पुरावा लांब शोधायला नको. भांडुपपासून पवई ओलांडली की आरे. शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी हलवण्यासाठी १९४९ साली तेथे वसाहत झाली आणि तीन हजार एकरांहून अधिक जमीन त्या कामी लागली. गोठे बांधले, गवताची कुरणे केली. मुंबईला दूध हवे होते, म्हणून म्हशीला जमीन मिळाली. अलीकडचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनाने देशी गाईला राज्यमाता ठरवले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज प्रत्येकी पन्नास रुपये देण्याचा निर्णय केला. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली तेव्हा म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचे काय, हा प्रश्न गरीब शेतकऱ्याने विचारला होता. त्याच्या दारच्या बैलाला हे पन्नास रुपये नाहीत. अकरा शेळ्यांच्या ट्रेचा मका रोज ४८ रुपयांचा. शेळीला गरिबाची गाय म्हणणाऱ्यांनी एका गाईएवढे अनुदान या अकरांसाठी कधी मागितले काय?

समाजकल्याणाच्या योजना कागदावर आहेत. विशेष घटक योजनेत ७५ टक्के अनुदानावर दहा शेळ्या आणि एक बोकड मिळतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद २००४ पासून आहे आणि २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानाची झाली. शेळ्या एका खात्याने द्यायच्या, जमीन दुसऱ्याने द्यायची आणि नोटीस तिसऱ्याने काढायची, हा खेळ बंद झाला पाहिजे. शेळ्यांचा गट मंजूर करताना त्याच्या चाऱ्याची जागाही मंजूर करा, ही आमची मागणी आहे.

त्या तरुणाला आम्ही जे सांगितले तेच सर्व बांधवांना सांगतो. कोणत्याही कोऱ्या किंवा हक्कसोडीच्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ५० अतिक्रमण काढण्याचे आहे, तसे कलम ५१ ते नियमित करण्याचेही आहे, हे विसरू नका. गाव नमुना एक-ईचा उतारा, दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या जुन्या नोंदी, जातीचा दाखला हे एका पिशवीत नीट ठेवा.

आणि ट्रे मिळत असतील तर तेही घ्या. बचत गटाच्या चार बायांनी मिळून लावा, म्हणजे पाणी शिंपडायला पाळी लावता येते. बियाण्याच्या दुकानातला रंगीत, औषध लावलेला मका चुकूनही वापरू नका, ते विष आहे. गादीवर बुरशी दिसली की ती फेकून द्या, शेळीपुढे टाकू नका. उन्हाळ्यात व्यायलेल्या शेळीला किलोभर हिरवे मिळाले तर तिच्या करडांना त्याचा उपयोगच होईल.

पण ट्रे गोठ्यात आणि गायरान सातबाऱ्यावर. एकाच्या बदल्यात दुसरे नाही. त्या आईने सही केलेली नाही. तिचा मुलगा पुढच्या सुट्टीत गावी जाऊन पावत्यांची पेटी उघडणार आहे. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांनीही ती आजच उघडावी.