निकालाचें श्रेय आणि अपश्रेय

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं आणि शाळोशाळीं एकच हिशेब सुरू होतो. निकाल चांगला असेल तर त्याचें श्रेय घेण्यास पुष्कळजण पुढें येतात. तो वाईट असेल तर अपश्रेय दुसऱ्याच्या पदरांत टाकण्याची घाई होते. पालक म्हणतात, 'मास्तर शिकवीत नाहींत'. शिक्षक म्हणतात, 'मुलें अभ्यास करीत नाहींत'. आणि मुलें बिचारीं कांहींच म्हणत नाहींत, कारण त्यांना कोणी विचारीत नाहीं. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकांच्या आणि अनुदानित अशा ज्या माध्यमिक शाळांवर सामान्य स्थितींतील कुटुंबांची सारी भिस्त असते, त्यांच्याविषयीं तर हा वाद फारच कडवटपणें चालतो. या वादांत दोन्ही पक्ष चुकीच्या काट्यावर वजन करीत आहेत, असें आमचें मत आहे. तें येथें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम त्या काट्याचीच, म्हणजे टक्केवारीची, परीक्षा घेऊं. महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल २०१८ सालीं शेंकडा ८९.४१ लागला. २०१९ सालीं तो ७७.१० वर उतरला. २०२० सालीं तो ९५.३० वर चढला, आणि २०२१ सालीं ९९.९५ पर्यंत पोंचला! या चार वर्षांत शाळा बहुतेक त्याच होत्या आणि शिक्षकहि बहुतेक तेच होते. मग घडलें तरी काय? भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांत शाळेनें द्यावयाचे २० गुण २०१९ च्या परीक्षेपुरते बंद झाले होते. पुढच्या वर्षीं ते पुन्हां सुरू झाले. २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनें देण्यांत आले; आणि २०२१ सालीं तर लेखी परीक्षा झालीच नाहीं, शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावरच निकाल लागला. तात्पर्य, काटा बदलला म्हणून वजन बदललें. २०१९ च्या शिक्षकांस आळशी आणि २०२१ च्या शिक्षकांस कर्तबगार ठरविणें जितकें हास्यास्पद, तितकेंच केवळ टक्केवारीवरून कोणत्याहि शाळेचें मोल ठरविणें होय.

मग शिक्षकाच्या व विद्यार्थ्याच्या कामगिरीचें बरेंवाईटपण खरोखर कशावर अवलंबून असतें?

पहिली गोष्ट पायाची. 'असर' या नांवाच्या पाहणीनें २०२३ सालीं २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची तपासणी केली. त्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्यास स्वतःच्या प्रांतभाषेंतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईनें वाचतां आला नाहीं. तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागण्याचें साधें उदाहरण शेंकडा ४३ जणांनाच सुटलें. आतां नववीच्या शिक्षकाची स्थिति मनांत आणावी. त्याच्या हातांतील पुस्तकांत बहुपदी आणि रेषीय समीकरणें असतात, व समोरच्या बांकांवर भागाकारांत अडखळणारीं मुलें असतात. अभ्यासक्रम पुरा करावा तर मुलें मागें राहतात. मुलांसाठीं थांबावें तर अभ्यासक्रम मागें राहतो. असा शिक्षक मार्चमध्यें अपयशी ठरला, तर त्याच्या अपयशाचें बीज पुष्कळ वर्षें आधींच पेरलें गेलेलें असतें.

दुसरी गोष्ट पोटाची. २००९ सालच्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला, पण तो आठवीपर्यंतच. शाळेंतील दुपारचें जेवण आठवीपर्यंत. सरसकट मोफत पाठ्यपुस्तकेंहि आठवीपर्यंत. म्हणजे ज्या वयांत हाडें वाढतात, भूक वाढते आणि अभ्यासहि वाढतो, नेमक्या त्याच वयांत ताट पुढून उचललें जातें! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. दुपारच्या तासाला डोळे मिटणाऱ्या मुलीस 'तुझें लक्ष कोठें आहे?' असें विचारण्यापूर्वीं 'तूं सकाळीं काय खाल्लेंस?' हा प्रश्न विचारणें अधिक शहाणपणाचें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें माध्यमिक स्तरापर्यंत सर्व मुलांस २०३० पर्यंत शाळेंत आणण्याचें ध्येय ठेविलें आहे. ध्येय उत्तम आहे. परंतु बारावीपर्यंतच्या ध्येयाला आठवीपर्यंतचें जेवण पुरणार कसें?

तिसरी गोष्ट वाटेची व हंगामाची. बिहार सरकारनें २००६ सालीं नववींत जाणाऱ्या मुलींस सायकली देण्यास आरंभ केला. अर्थशास्त्रज्ञांनीं या योजनेचा अभ्यास केला, तेव्हां योग्य वयांत माध्यमिक शाळेंत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण तिच्यामुळें शेंकडा ३२ नें वाढल्याचें दिसून आलें; आणि हा लाभ मुख्यतः जेथें शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती अशा गांवांत झाला. आपल्याकडेहि अहिल्याबाई होळकरांच्या नांवें चालणाऱ्या योजनेंत ग्रामीण मुलींस शाळेसाठीं एस. टी. चा प्रवास मोफत आहे. पण गाडीच वेळेवर आली नाहीं तर पास हातांत असून पहिला तास बुडावयाचा तो बुडतोच. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचीं मुलें तर दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळा लागतां लागतां परत येतात. अर्धें वर्ष जें मूल शाळेच्या भिंतीहि पाहत नाहीं, त्याच्या गुणांवरून त्याची बुद्धि मोजावी काय, किंवा त्याच्या शिक्षकाची मेहनत मोजावी काय?

चौथी गोष्ट स्वतः शिक्षकाची. महाराष्ट्रांत २००० सालापासून नव्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें 'शिक्षणसेवक' म्हणून ठराविक मानधनावर काम करावें लागत आलें आहे. माध्यमिक शाळेंतील शिक्षणसेवकाचें मानधन २०२३ सालीं दरमहा ८,००० रुपयांवरून १८,००० रुपये झालें, हें योग्यच झालें. परंतु तत्पूर्वीं कित्येक वर्षें पदवी व प्रशिक्षण घेतलेल्या माणसानें आठ हजारांत घर चालवावें आणि वर्गांत प्रसन्न मुद्रेनें उभें राहावें, अशी आपली अपेक्षा होती. त्यांत जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण हीं कामें शिक्षकांस लावण्याची मुभा शिक्षणहक्काच्या कायद्याच्या २७ व्या कलमानेंच ठेविली आहे. जेथें गणिताची जागा रिकामी राहते, तेथें इतिहासाच्या शिक्षकानें गणिताचा तास घ्यावयाचा, हाहि प्रकार अपरिचित नाहीं. शिक्षकाचा तास ही शाळेची सर्वांत मोलाची ठेव असून तीच सर्वांत बेफिकिरीनें खर्च केली जाते.

यावर कोणी म्हणेल, 'हें सर्व खरें, पण कित्येक शिक्षक कामचुकार असतात त्याचें काय?' असतात, आणि त्यांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. मन लावून न शिकविणारा शिक्षक कितीहि अडचणी सांगो, तो मुलांचें देणें बुडवितो. उलट, अशाच अडचणींत उत्तम काम करणारे शिक्षकहि आहेत, आणि ते वंदनीय आहेत. परंतु महापुरांत पोहून पैलतीरास जाणारे कांहीं वीर आहेत म्हणून नदीवर पूल नको, असें शहाणा माणूस म्हणत नाहीं.

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. सरकारनें दुपारचें जेवण व पाठ्यपुस्तकें निदान दहावीपर्यंत न्यावीं, आणि रिकाम्या जागा शाळा उघडण्यापूर्वीं भराव्या. शाळांनीं नववीच्या आरंभींचे कांहीं आठवडे वाचन व मूळ गणित तपासण्यास आणि कच्चें असेल तें पक्कें करण्यास निःसंकोचपणें द्यावे. या आठवड्यांनीं अभ्यासक्रम बुडत नाहीं, तरतो. शाळेचें मोल ठरवितांना मूल येतांना कोठें होतें आणि जातांना कोठें पोंचलें, हें अंतर पाहावें. सुशिक्षित घरचीं मुलें घेऊन शेंकडा शंभर निकाल लावणाऱ्या शाळेपेक्षां, न वाचतां येणाऱ्या मुलांस उत्तीर्ण करून शेंकडा सत्तर निकाल लावणाऱ्या शाळेनें पुष्कळदां मोठें काम केलेलें असतें.

पालकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं केवळ निकालाच्या दिवशीं शाळेंत येऊं नये. दिवाळीपूर्वीं यावें, म्हणजे सुधारण्यास वेळ उरतो. घरचीं कामें मुलगा व मुलगी यांत सारखीं वांटावीं. पाण्याची घागर आणि धाकटें भावंड एकट्या मुलीच्याच कडेवर ठेवून तिच्या गुणपत्रिकेवर रागावणें न्यायाचें नव्हे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणें आहे. जें समजलें नाहीं तें त्याच दिवशीं, त्याच तासाला, उभें राहून विचारा. मुलें गप्प बसलीं कीं सर्वांना सर्व समजलें असें शिक्षकास वाटतें, आणि तो पुढें जातो. तुमचा एक प्रश्न तुमच्यामागें बसलेल्या दहाजणांचा प्रश्न असतो. तो विचारल्यानें तुमचीच नव्हे, तर तुमच्या शिक्षकाचीहि कामगिरी सुधारेल.