पहाटे रुसणारी गाडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे मंडळी नवे कपडे घालून मोटारीत येऊन बसली, की जुन्या गाडीच्या मालकाची परीक्षा सुरू होते. सेल्फ मारावा तर इंजिन नुसते घरघरते. चार-पाच खेपांनी एकदाचे जागे होते, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढताच थरथरत बंद पडते. तेवढ्यात शेजारचे जाणते गृहस्थ गॅलरीतूनच निकाल देतात, "इंजिन उतरवावे लागणार हो!" वाचकहो, त्या खर्चाच्या धसक्याने चांगली गाडी भंगारवाल्याच्या दारी जाते, आणि दोष असतो एखाद्या फाटक्या पॅकिंगचा!

उदाहरणाला आपली पद्मिनीच घेऊ. मुंबईतील तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तरी जिवापाड सांभाळलेल्या घरगुती पद्मिनी अजून आहेत. १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे हे इंजिन. त्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. त्यामुळे डोळे आणि कान शाबूत असलेल्या माणसाला पुष्कळ काही कळू शकते.

पाना हाती घेण्याआधी गाडी नेमकी केव्हा रुसते ते पाहावे. फक्त थंड असताना त्रास देत असेल, तर पहिला संशय चोकवर. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. बरेचसे मॅनिफोल्डच्या भिंतीला थेंब होऊन चिकटते. म्हणून हवा कमी करून मिश्रण दाट करावयाचे, एवढेच चोकचे काम. एअर फिल्टर काढून कुणाला तरी चोक ओढावयास सांगावे आणि आतली पाकळी पूर्ण मिटते का ते पाहावे. तार सैल झाल्याने ती अर्धीच मिटते आणि मालक मात्र दांडी उपसत बसतो! दुसरा संशय बॅटरीवर. सेल्फ फिरत असताना बारा व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली उतरत असेल, तर कॉइलला वीजच पुरत नाही. पावसाळ्यानंतर डिस्ट्रिब्यूटरचे टोपणही आतून कोरड्या फडक्याने पुसावे व केसासारखी चीर आहे का ते पाहावे. कार्बुरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी चालू करणारे काही शूर वीर आहेत. इंजिनाने उलटी आग ओकली तर भुवयांसह गाडी जाते. ते धाडस कृपा करून करू नये.

आता गरम झाल्यावरही थरथरणाऱ्या गाडीचे पाहू. येथे तोच चोक उत्तम वैद्य ठरतो. इंजिन स्लोवर ठेवून चोक किंचित ओढावा. थरथर कमी झाली, तर मिश्रण पातळ आहे: स्लोचा जेट तुंबला आहे किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. थरथर वाढून काळा धूर आला, तर मिश्रण आधीच दाट आहे. फ्लोटची सुई नीट बसत नसेल. चोरटी हवा शोधण्यास महाग यंत्र नको. कार्बुरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर तेलाच्या कुपीने थोडे इंजिन ऑइल सोडावे. एखाद्या ठिकाणी इंजिनाचा सूर बदलला, की फटीचा पत्ता लागला. पेट्रोलने हा प्रयोग कदापि करू नये. तसेच दार लावलेल्या गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही आणि माणूस जातो.

चोकने फरक पडत नसेल, तर एकच सिलिंडर मिसिंग मारीत असावा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, ती बॉडीला टेकवून बांधावी व पुन्हा चालू करून ऐकावे. असे चारही प्लगांचे करावे. जी वायर काढल्याने काहीच बिघडत नाही, तो सिलिंडर झोपलेला. त्याचा प्लग काढून पाहावा: तेलकट, काजळलेला, की पांढराफटक? दुसरा प्लग घालूनही सिलिंडर उठला नाही, तर वायर आणि टॅपेट तपासावे. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर चारही सिलिंडर अडखळतात. मग कंडेन्सरही बदललेला बरा.

हल्ली यात एक नवी भर पडली आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटमधून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण पातळ पडते. शिवाय त्याची वाफ व्हावयास उष्णता जास्त लागते. गारठ्यात गाडी अधिक कुरकुरते ती यामुळे. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही त्याने खराब होतो. नळी बोटाने दाबून पाहावी. लिबलिबीत किंवा भेगाळलेली असेल तर आजच बदलावी, कारण गळके पेट्रोल तापल्या इंजिनावर पडते.

एवढे करूनही गुण आला नाही, तरच कॉम्प्रेशन मोजावे. चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. एक आकडा फार कमी आला तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. हे आकडे वहीत लिहून मगच मेस्त्रीकडे जावे, आणि त्याने इंजिन उतरवा म्हटले तर वही त्याच्यापुढे ठेवावी.