टेबलाचे निमुळते पाय

मुलगी दहावीत गेली तरी तिचा अभ्यास लोखंडी पेटीवरच चालला होता. पोरीच्या पाठीला बाक येईल, असे हिने दोनदा सुनावले, तेव्हा आम्ही टेबल घरीच करायचे ठरवले. सिडकोतील आमच्या घराची गॅलरी साडेतीन फूट रुंद. तोच आमचा कारखाना, आणि तोही फक्त रविवारचा.

शेजारी हसले. कारकुनाने खतावणी लिहावी, रंधा कशाला मारावा? आमच्या वडिलांनाही हे रुचले नाही. ‘सुतारकी सुताराच्या घरची’ हे त्यांनी जन्मभर ऐकलेले. गावगाड्यात सुतार बलुतेदार. वाकस बापाकडून मुलाकडेच जाई. दुसऱ्याने तो हाती धरायचा नाही, मग आमच्या वस्तीची काय कथा! पुढे आयटीआय निघाल्या आणि सुतारकाम हा अर्ज भरून शिकायचा विषय झाला. आमचा मावसभाऊ त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमध्येच हे शिकला. आमचा गुरू तोच.

टेबलात अवघड काय, तर पाय. सरळ चौकोनी पाय बोजड दिसतात. खाली निमुळते केले की तेच टेबल अंग चोरून उभे राहते आणि छोट्या खोलीत अडचण वाटत नाही. बरे, त्याने मजबुती फारशी जात नाही. टेबलाला बाजूने धक्का बसला की ताण सर्वात जास्त येतो तो पाय आणि वरची पट्टी यांच्या सांध्यावर. खाली येऊ तसा तो कमी होतो. म्हणून लाकूड वर भरपूर हवे, खाली कमी चालते. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात पियर जानरे यांनी आखलेल्या सागवानी खुर्च्यांचे पायही टोकाला असेच निमुळते आहेत. कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या आणि आता परदेशातल्या लिलावात त्यांना लाखांची बोली लागते. आमच्यासारख्याच कोणा कारकुनाने त्यावर बसून फायली उपसल्या असतील!

आम्ही वखारीतून २ इंच चौरस सागाचे, २९ इंच लांबीचे चार तुकडे आणले. हिशेबाने पाव घनफुटाहून थोडे जास्त. वरचे ५ इंच चौकोनीच ठेवायचे, कारण तिथे पट्टी बसते. खालचे २४ इंच उतरते करत तळाशी १ इंच. पट्टीच्या कुसवांची भोके मात्र पाय चौकोनी असतानाच पाडून घ्यावीत. उतरता पाय क्लॅम्पमध्ये नीट बसत नाही. करवत रेषेच्या बाहेरून चालवावी, उरलेले रंध्याने काढावे. एक बाजू कापली की तिच्यावरची रेषाही तुकड्याबरोबर जाते, ती पुन्हा आखावी. रंधा नेहमी जाडीकडून टोकाकडे. पेन्सिलीला टोक करताना ब्लेड जसे टोकाकडे जाते तसे. उलट मारला की साल उचकटते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे उतार फक्त आतल्या दोन बाजूंना. बाहेरच्या बाजू सरळच राहतात, त्यामुळे टेबल ताठ दिसते. मावसभावाने हे तीनदा बजावले होते. तरी तिसरा पाय आम्ही बाहेरून कापला. बी. कॉम. झालेल्या माणसाने जमेची रक्कम खर्चात मांडावी, तसेच हे! सागाचा भाव माहीत असलेल्या वाचकांनी आमची त्या रात्रीची अवस्था ओळखावी. नव्या तुकड्यासाठी पुढच्या पगाराची वाट पाहावी लागली. परीक्षा मार्चमध्ये आणि महिना डिसेंबरचा. ही काही बोलली नाही, ते जास्त लागले.

नवा तुकडा आला त्या दिवशी मुलीनेच चारही पाय टेबल उभे राहील तसे जमिनीवर मांडले आणि प्रत्येकाच्या आतल्या दोन बाजूंवर पेन्सिलीने ‘आत’ असे लिहिले. एवढे साधे आम्हाला सुचले नव्हते.

जानेवारीत टेबल उभे राहिले. वडिलांनी चारही कोपऱ्यांवर तळवा दाबून पाहिला. डुगडुगले नाही. मग म्हणाले, “तो वाया गेलेला पाय फेकला का?”

“नाही, आहे.”

“त्याचे चार तुकडे कर नि माझ्या बसायच्या पाटाला लाव. तेही निमुळतेच कर.”