विश्लेषण : बॅटरी काढली की गाडीचे ‘ट्यूनिंग’ पुसले जाते का?

गाडीच्या इंजिनाचा संगणक ‘ट्यून’ करून घेतलेल्यांना बॅटरीबाबत दोन समज असतात. पहिला भीतीचा. बॅटरी बदलली किंवा टर्मिनल काढले, तर हजारो रुपये मोजून केलेला ‘रिमॅप’ जाईल. दुसरा सोयीचा. सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी किंवा गाडी विकण्याआधी दहाचा पाना घेऊन टर्मिनल सैल केले, थोडा वेळ थांबले, की संगणक ‘कोरा’ होतो आणि कुणाला काही कळत नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्या समजाने फार तर विनाकारण धास्ती वाटते. दुसऱ्याने मात्र नुकसान होते, आणि ते बहुतेक वेळा गाडी विकणाऱ्याचे नसून घेणाऱ्याचे असते.

ट्यूनिंग म्हणजे नेमके काय?

इंजिन कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, प्रत्येक क्षणी ठरवतो की सिलिंडरमध्ये किती इंधन सोडायचे, ठिणगी कधी पाडायची आणि टर्बो असेल तर हवेचा दाब किती ठेवायचा. त्यासाठी त्याच्याकडे आकड्यांचे तक्ते असतात. इतके आरपीएम, इतका भार, तर इतके इंधन. या तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात. कंपनी ते बेतताना हातचे राखून ठेवते. इंधनाचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो, उन्हाळा कडक असतो, प्रदूषणाची मर्यादा पाळायची असते आणि वॉरंटीचा खर्चही कंपनीलाच करायचा असतो. ट्यूनर या राखीव जागेला हात घालतो आणि बदललेले तक्ते ईसीयूत पुन्हा लिहितो. टर्बो डिझेल गाड्यांत फरक लगेच जाणवतो, कारण तिथे दाब आणि इंधन दोन्ही वाढवता येतात.

बॅटरी काढल्यावर काय जाते, काय राहते?

ईसीयूची स्मृती ढोबळमानाने दोन प्रकारची. एक फ्लॅश मेमरी. मोबाइल बंद पडला तरी त्यातील फोटो जात नाहीत, तसेच इथे. वीज असो वा नसो, लिहिलेले टिकते. मूळ मॅप आणि ट्यून केलेला मॅप, दोन्ही याच जागी लिहिले जातात. त्यामुळे बॅटरी तासभर काढा किंवा महिनाभर, ट्यून तिथेच राहते. १९८० आणि ९०च्या दशकांत ट्यूनिंगसाठी ईसीयूतील चिपच बदलली जायची. तीही बॅटरी काढल्याने पुसली जात नसे. सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसवल्या जाणाऱ्या ‘ट्यूनिंग बॉक्स’चेही तेच.

दुसरी स्मृती बॅटरीच्या सततच्या पुरवठ्यावर जगते. गाडीने चालता चालता शिकलेल्या गोष्टी तिथे असतात. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून इंधनात केलेली कायमची कमी-जास्त, आयडलिंगची बैठक, गिअर बदलण्याची सवय आणि बऱ्याच गाड्यांत बिघाडाचे कोडही. बॅटरी काढली की हे पुसले जाते. अनेक नव्या गाड्या मात्र यातलेही बरेच काही फ्लॅश मेमरीत जपून ठेवतात. तिथे बॅटरी काढून घड्याळाची वेळ सोडून फारसे काही बदलत नाही.

मग गाडी बदलल्यासारखी का वाटते?

बॅटरी जोडल्यावर गाडी थोडी हंटिंग करते, पिकअप वेगळा लागतो, ऑटोमॅटिक गिअर धक्के देतात. ‘ट्यून गेली’ हा निष्कर्ष इथूनच निघतो. प्रत्यक्षात ट्यून जागेवर असते, गेलेला असतो तो शिकलेला अनुभव. काही दिवस नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवली की तो परत येतो.

ट्यून केलेल्या पेट्रोल गाडीत मात्र हा मधला काळ थोडा नाजूक असतो. काही इंजिनांचा ईसीयू नॉकिंग ऐकून ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ती सुधारणा लक्षात ठेवतो. स्मृती गेली की तो पुन्हा मूळ, आक्रमक वेळेपासून सुरुवात करतो. ट्यूनरने राखीव जागा आधीच खर्च केलेली असेल, तर घाटात पूर्ण पेडल दाबताच खडखड ऐकू येऊ शकते.

इंधनाचेही तसेच. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावे लागते. जुन्या पेट्रोलवर बेतलेल्या मॅपमधला हा फरक ईसीयू शिकून भरून काढत असतो. बॅटरी काढल्यावर ही उजळणी पहिल्यापासून होते. म्हणून पहिले काही किलोमीटर शांतपणे चालवणे शहाणपणाचे.

ट्यून जाते तरी कधी?

सर्व्हिस सेंटरने कंपनीचे नवे सॉफ्टवेअर ईसीयूत टाकले तर. त्या वेळी जुन्या तक्त्यांवर नवे लिहिले जातात आणि मालकाला अनेकदा घरी परतताना पिकअप पडल्यावरच ते कळते. बॅटरीचा खरा धोकाही याच क्षणी असतो. ट्यून लिहिली जात असताना व्होल्टेज घसरले तर फाइल अर्धवट राहते आणि ईसीयू निकामी होऊ शकतो. म्हणूनच चांगला ट्यूनर काम सुरू करण्याआधी बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर जोडतो. तो जोडला नसेल, तर ग्राहकाने तिथूनच परत फिरावे.

पुरावा पुसला जातो का?

नाही. सर्व्हिस सेंटरचे यंत्र ईसीयूतील सॉफ्टवेअरची ओळखसंख्या वाचू शकते. तक्त्यांतील आकडे बदलले की ही संख्या बदलते. अनेक ईसीयू आपल्यावर किती वेळा लिहिले गेले याचीही नोंद ठेवतात. या सगळ्याचा बॅटरीशी संबंध नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने हे ओळखून नियम केले. तिथल्या प्रदूषण तपासणीत जुलै २०१९ पासून ‘कायमस्वरूपी कोड’ पाहिले जातात. बॅटरी काढून ते पुसता येत नाहीत, बिघाड खरोखर दुरुस्त झाल्याची ईसीयूची खात्री पटली तरच जातात. जुलै २०२१ पासून तिथे ईसीयूतील सॉफ्टवेअर बदलले आहे का, हेही तपासले जाते.

आपल्याकडे पीयूसी अजून सायलेन्सरच्या नळीपाशी अडलेली आहे. पेट्रोल गाडी उभ्या जागी काय सोडते आणि डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे, एवढेच ती मोजते. उभ्या गाडीची चाचणी सॉफ्टवेअरबद्दल काही सांगत नाही, हा धडा फोक्सवॅगन प्रकरणाने २०१५ मध्येच दिला होता. पुण्यातील एआरएआयच्या चाचण्यांनंतर कंपनीने त्या वर्षी डिसेंबरमध्ये भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. हा धडा सरकारने कंपन्यांपुरता घेतला. एप्रिल २०२३ पासून बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात नव्या गाडीचे उत्सर्जन प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजले जाते. शोरूममधून बाहेर पडल्यावर त्याच गाडीचा मेंदू बदलला, तर विचारणारे कुणी नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने काय पाहावे?

खरा फटका इथे बसतो. ट्यून केलेल्या गाडीत टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांनी जास्त ताण सोसलेला असतो. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेला असला, की विकणारा बॅटरी काढतो, दिवा विझतो आणि गाडी ‘टकाटक’ ठरते.

ही चलाखी साध्या ओबीडी रीडरने पकडता येते. ईसीयू आपल्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणांच्या स्वतःच चाचण्या घेतो आणि प्रत्येकीपुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ असा शेरा ठेवतो. स्मृती पुसली की शेरे ‘अपूर्ण’ होतात आणि काही दिवस वेगवेगळ्या परिस्थितीत गाडी चालल्यावरच पूर्ण होतात. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक गाड्यांत दिसते. ‘रोज ऑफिसला नेतो’ असे सांगितलेल्या गाडीत हा आकडा ४ किलोमीटर दिसला, तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. अर्थात हा उपाय अचूक नाही. ट्यूनर काही कोड मुळातूनच बंद करू शकतो. त्यामुळे महागड्या गाडीसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून सॉफ्टवेअर तपासून घेण्याचा खर्च वाया जात नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण ही भाषा डोळ्यांना दिसणाऱ्या बदलांची आहे. मोठा सायलेन्सर चौकात दिसतो, मॅप दिसत नाही. त्यामुळे कायदा कागदावर कडक आणि रस्त्यावर आंधळा राहतो.

बॅटरी काढायचीच असेल तर?

इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबावे. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह टर्मिनल काढावे. जोडताना उलट क्रम, आधी पॉझिटिव्ह. म्युझिक सिस्टिमचा कोड हाताशी ठेवावा. खिडक्यांचे ऑटो बटण चालत नसेल तर काच पूर्ण वर-खाली करून ते पुन्हा शिकवावे. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद यंत्राने करून घ्यावी.

मग करायचे काय?

ट्यूनिंग सरसकट बंद करा, असे म्हणण्यात अर्थ नाही. आवड आहे, बाजार आहे, ते होत राहणार. मागणी एवढीच हवी, की ते उघडपणे व्हावे. ट्यूनरने मूळ फाइलची प्रत आणि काय बदलले याची लेखी नोंद मालकाला द्यावी. मालकाने ती विमा कंपनीला आणि पुढच्या खरेदीदाराला दाखवावी. सरकारने पीयूसी केंद्रावर निदान बीएस-६ गाड्यांसाठी तरी ओबीडीची तार जोडायला लावावी. ज्या पोर्टमधून ट्यून आत जाते, त्याच पोर्टमधून ती ओळखताही येते. दहाच्या पान्याने लपत नाही ती गोष्ट शोधायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. ती वापरायचे ठरवावे लागेल, एवढेच.