शेपूट आत आहे ना?

आमच्या घरी उंदीर आहेत, असे मी म्हटले की ऐकणारा सहानुभूतीने एखाद्या औषधाचे नाव सांगतो. कोणी मांजर आणून द्यायची तयारी दाखवतो. मग मला खुलासा करावा लागतो, की आमचे उंदीर ‘झालेले’ नाहीत, ‘पाळलेले’ आहेत. यावर तो गृहस्थ माझ्याकडे असा काही पाहतो, की पुढचे बोलणे पावसापाण्यावरच न्यावे लागते.

वाचकहो, दरवर्षी या पानावर मी आपल्याला घरातलेच काहीतरी सांगतो. यंदा घरातले म्हणजे पिंजऱ्यातले.

त्या दोघींची नावे ओवी आणि लावणी. मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारी ही नावे माझी नव्हेत, आमच्या मुक्ताची आहेत. ती बारा वर्षांची आहे. उंदीर एकटा राहत नाही, झुरतो, असे तिने कुठेसे वाचले होते, आणि ते खरे आहे. म्हणून एकदम दोन आल्या. ओवी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. अशा उंदरांना दिसते बेताचेच. समोरचे अंतर जोखायला ती मान डावीउजवीकडे डोलवत बसते, जणू कीर्तन ऐकते आहे. लावणी डोक्यापासून खांद्यापर्यंत काळी, बाकी पांढरी, आणि नावाप्रमाणेच कुठे स्वस्थ बसणारी नाही. गटारातल्या करड्या उंदराचीच ही माणसाळलेली जात. विलायतेत १९०१ सालीच एल्सबरी गावच्या प्रदर्शनात असे उंदीर मांडले गेले होते. म्हणजे खूळ नवे नाही, आमच्या वाड्यावस्तीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला इतकेच.

आईचा पहिल्या दिवसापासून विरोध. मुक्ताने वकिली केली, “आजी, अगं गणपतीचं वाहन आहे!” आई म्हणाली, “वाहन दारात उभं करतात. घरात कोणी घेत नाही.”

पिंजऱ्याचा प्रश्न मी सोडवला, आणि इथूनच माझ्या अपराधाला सुरुवात होते. माळ्यावर वडिलांच्या वेळचा पोपटाचा पिंजरा पडून होता. देशी पोपट पाळायला आता कायद्याने बंदी आहे. पिंजरा मात्र टाकवत नव्हता. “नवा कशाला? हाच घासूनपुसून घेऊ,” मी म्हणालो. काटकसरीची हौस मध्यमवर्गीय माणसाला फार. या पिंजऱ्याचे दार वर सरकणारे. हात सुटला की आपल्याच वजनाने खाली येते, आणि ‘खट्’ असा आवाज होतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे उंदराचा सापळा होता, त्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवत. त्याचाही आवाज हुबेहूब हाच. तेव्हा तरी मला समजायला हवे होते.

पोपटाची आणि उंदराची दाराशी वागण्याची रीत वेगळी, हे माझ्या ध्यानात आले नाही. दाराशी हात गेला की पोपट मागे सरकतो. पाळलेला उंदीर उलट पुढे धावतो. माणूस आला म्हणजे खाऊ आला, नाहीतर बाहेर फिरायला मिळणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. पुढचे पाय, नाक, मिशा सगळे दाराच्या फटीत. बरे, तोंड आत वळवले तरी शेपूट मागे रेंगाळतेच, आणि उंदराचे शेपूट जवळजवळ त्याच्या अंगाएवढे लांब. म्हणजे जो उंदीर जास्त मायाळू, त्यालाच दाराचा धोका जास्त.

श्रावणातली गोष्ट. मुक्ता गाण्याच्या क्लासला गेली होती. मी काकडीची फोड आत देत होतो. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, मी वळलो आणि हातातले दार सुटले. खट्! पाठोपाठ एक बारीक, चिरका आवाज. लावणीचे शेपूट दाराखाली होते. मी दार उचलेपर्यंत तिने जिवाच्या आकांताने ते ओढून घेतले होते. पेन्सिलीवरची टोपी निघावी तशी शेवटच्या अर्ध्या इंचाची कातडी निघून दारातच राहिली, आणि खालचा लालबुंद दोरा उघडा पडला.

उंदराच्या शेपटाची कातडी अशीच असते, ओढ बसली की मोज्यासारखी निघते. म्हणूनच शेपटाला, विशेषतः टोकाला धरून उंदीर कधीही उचलू नये. गेलेली कातडी पुन्हा येत नाही, तुटलेले शेपूटही वाढत नाही. ती कला पालीची.

आई आधी धावली, ती हळदीचा डबा घेऊन. सौ.ने तिला थोपवले. उघड्या जखमेत कसलीच पूड भरू नये, उंदीर ती चाटून काढतो आणि जखम घाण होते ती वेगळीच. नखाचे टोक मोडून रक्त आले तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबलेले चालते, एवढाच काय तो पुडीचा उपयोग. सौ.ने जुन्या मऊ टॉवेलात लावणीला गुंडाळले. एरवीचा गरीब उंदीरही वेदनेत चावतो, त्याचा राग मानायचा नसतो. मग स्वच्छ फडक्याने तिने जखम हलकेच पाच मिनिटे दाबून धरली. दर अर्ध्या मिनिटाला ‘थांबलं का?’ म्हणून फडके उचलून पाहणारा मी. तिने मला अर्धा लिटर पाणी उकळायला पाठवले. त्यात सपाट चमचाभर मीठ, आणि पाणी कोमट झाल्यावर त्याने धुणे. डेटॉल नको, स्पिरिट नको. आपल्याला झोंबते ते त्या पावशेराच्या जिवाला किती झोंबेल! माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच नको, आणि बधिर करणारे मलमही नको.

मुक्ता आली. मी तिला काय सांगितले? “अगं, दार पडलं आणि शेपूट अडकलं.”

वाचकांत कोणी व्याकरणाचे असतील तर त्यांनी या वाक्याकडे पाहावे. पडणे, अडकणे, दोन्ही अकर्मक. दार आपले आपण पडले, शेपूट आपले आपण अडकले. करणारा कुठे दिसतच नाही. वीस वर्षे मी वर्गात प्रयोग शिकवतो, पण अकर्मक क्रियापदाचा एवढा सोयीस्कर उपयोग मलाही त्याच दिवशी सुचला.

मुक्ताचा चेहरा उतरला. “दुपारी मीच साफ केला पिंजरा. वरची कडी मीच नीट लावली नसेल. माझंच चुकलं, बाबा.”

मी गप्प राहिलो. हे लिहितानाही ते गप्प राहणे मला बोचते.

पहिल्या दवाखान्यात फोन केला तर उत्तर मिळाले, “आम्ही कुत्री-मांजरेच पाहतो.” (ज्यांच्या घरी असे बारके प्राणी आहेत त्यांनी कोणता डॉक्टर ते पाहतो, हे आधीच विचारून ठेवावे. गरज पडल्यावर शोधायला वेळ नसतो.) दुसरे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला भेटले. जुन्या टॉवेलाची उबदार घडी असलेल्या, भोके पाडलेल्या खोक्यात दोघींना घेऊन आम्ही निघालो. ओवी सोबतीला, नाहीतर लावणी आणखी घाबरली असती. तिच्या नाकाशी लाल डाग दिसले आणि मुक्ता रडायलाच लागली. ते रक्त नव्हे, घाबरला किंवा आजारी पडला की उंदराच्या डोळ्यानाकातून तसा लाल स्राव येतो, हे डॉक्टरांनी समजावले.

मग त्यांनी विचारले, “दार फक्त शेपटावर पडलं, की पाठीवरही? पाठीला, पोटाला मार असेल तर वरून दिसत नाही. कोणी पाहिलं का?”

“कोणीच नव्हतं तिथे,” मुक्ता म्हणाली.

“मी होतो,” मी म्हणालो. “फक्त शेपटावर पडलं. मी दार सोडलं.”

मुक्ताने माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही. परत येताना रिक्षात खोके मांडीवर घेऊन ती तोंड बाहेर करून बसली होती. दोन दिवस घरात माझ्याशी बोलणे फक्त कामापुरते.

उघडा पडलेला भाग लहान होता, म्हणून डॉक्टरांनी कापायचे नाही असे ठरवले. तो वाळून गळून पडेल म्हणाले, आणि आठवड्याभराने गळलाही. लांब तुकडा उघडा असता तर शस्त्रक्रियाच करावी लागली असती. वजन करून त्यांनी वेदनेचे औषध थेंबांत मोजून दिले. पट्टी बांधली नाही, उंदीर ती कुरतडतोच. भुसा काढून खाली पांढरे सुती कापड घाला, म्हणजे रक्त किंवा पू आला तर लगेच दिसेल. वरचे मजले काढा, म्हणजे चढउतार नको. आणि सूज, वास, काळेपणा वर चढताना दिसला, खाणे सुटले, तर त्याच दिवशी या.

दारात पाय अडकला असेल तर? हे मीच विचारले, आता अनुभवी अपराधी म्हणून. पाय ओढायचा नाही, दार किंवा तार हलवायची. एका हाताने अंगाचा भार उचलून धरायचा, नाहीतर उंदीर पिळे घेऊन स्वतःच हाड मोडून घेतो. मोडलेले बोट पुष्कळदा आपोआप जुळते, पण पाय लोंबत असेल, हाड दिसत असेल, दाबून धरूनही दहा मिनिटांत रक्त थांबत नसेल, किंवा उंदीर तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर घरी बसू नये.

पोपटाचा पिंजरा भंगारात गेला. नव्याचे दार कपाटासारखे बाजूला उघडते, आणि मोठे आहे. पूर्ण वाढलेल्या उंदराला गजांमधले अंतर इंचापेक्षा कमी लागते, पिलांना अर्धा इंच. आणल्याबरोबर कानशीने तारांची टोके घासली, हे काम मी मागून घेतले. झोके दारापासून लांब टांगले. आता खाऊ दाराशी द्यायचा नाही. पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायचा, दोघी तिकडे वळल्या की नाके मोजायची, शेपट्या मोजायच्या, आणि मग दार हाताने टेकवायचे, ढकलायचे नाही. त्या वेळी फोन वाजला तर वाजू द्यायचा.

परवा स्वयंपाकघरात जाताना आईचा आवाज ऐकला. हात लांब ठेवूनच ती पिंजऱ्याशी उभी होती. “शेपूट आत घे गं, भवाने,” ती लावणीला सांगत होती.

मुक्ता पुन्हा माझ्याशी बोलते. मी दार लावले, की मात्र थोड्या वेळाने येऊन ती एकदा कडी पाहून जाते. मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे करतो.